दाता क्रमांक दोन

दुसऱ्याच्या नळीत डोकावून बघायची सवय मला तिच्यामुळे लागली. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण आमच्या प्रयोगशाळेत मी एकटीनं इमानदारीनं पाळली. रोज साडेअकराच्या सुमारास नळ्या गरगर फिरवणारं थंड सेंट्रीफ्यूज थांबायचं, झाकण उघडलं की गारवा तोंडावर यायचा, आणि मी स्वतःची नळी उचलायच्या आधी तिची बघायचे. तिच्या नळीच्या तळाशी सायीसारखा पांढरा थर असायचा. माझ्या तळाशी गुलाबी. एकदा नाही, दोनदा नाही, सलग पाच महिने गुलाबी.

काम काय होतं ते सांगितल्याशिवाय हा गुलाबी रंग मला किती झोंबायचा ते कळणार नाही. आम्ही दोघी एकाच वर्षी, एकाच मॅडमकडे पीएच.डी.ला लागलो होतो. विषय पेशीपटलाचा. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो, आत कोणी यायचं आणि बाहेर कोणी जायचं ते तो ठरवतो. औषधं बनवणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी हा पडदाच. औषध कितीही गुणाचं असो, शरीराला ते परकं वाटलं की शरीर त्याला हाकलून देतं. म्हणून अलीकडे ठिकठिकाणी एक युक्ती करून बघतात. औषधाचा बारीक कण घ्यायचा आणि त्यावर माणसाच्याच तांबड्या पेशीचं पटल पांघरायचं. शरीर फसतं, घरचंच माणूस समजून त्याला फिरू देतं. मॅडमचं संशोधन यावरच होतं.

आता पांघरायचं तर आधी पटल रिकामं पाहिजे. तांबड्या पेशी थंडगार, जवळजवळ बिनमिठाच्या पाण्यात टाकल्या की फुगतात, फुटतात, आतलं लाल वाहून जातं आणि मागं नुसतं कातडं उरतं. इंग्रजीत त्याला घोस्ट म्हणतात, आम्ही सरळ भूत म्हणायचो. ‘तुझी भुतं झाली का?’ हे आमच्याकडचं ‘जेवलीस का?’ होतं. भुतं चांगली झाली की नाही हे कळायला कुठलं यंत्र लागत नाही. पांढरी म्हणजे पास, गुलाबी म्हणजे अजून रक्ताचा अंश आत आहे, परत धू.

मी पाच महिने धूत होते.

मी एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिली आलेली. समर्थनगरात घर, वडील बँकेतून निवृत्त, आई शाळेत मुख्याध्यापिका होती. आमच्या घरात मुलं नापास होत नाहीत, फार तर आजारी पडतात. आणि ती जवळच्या तालुक्याच्या गावची, फुलंब्रीची. रोज सकाळी एस.टी.नं यायची, दारातच चपला झटकायची, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. बारावीनंतर तिनं लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला होता, तालुक्याच्या रक्त-लघवी तपासायच्या दुकानात दोन वर्षं काम केलं होतं, मग बी.एस्सी., एम.एस्सी. इंग्रजीत बोलायची वेळ आली की ती खाली बघायची. पहिल्या आठवड्यात मला तिची जरा दयाच आली होती. ती दया मी अजून विसरले नाही, कारण पुढच्या आठवड्यात तिची भुतं पांढरी निघाली.

मॅडम नळी उजेडाकडे धरून म्हणाल्या, “हात आहे पोरीला.” बस, तीनच शब्द. पण ते मला महिनोन् महिने पुरले. मला बुद्धी आहे असं आजवर सगळे म्हणाले होते, हात आहे असं कोणी म्हणालं नव्हतं, आणि हातही काही म्हणण्यासारखी गोष्ट असते हे मला तेव्हाच कळलं. तिची एस.टी. चुकावी असं मी रोज सकाळी देवापुढे नसलं तरी चहाच्या कपापुढे म्हणायचे. ती कधी चुकली नाही.

खरी गोष्ट अशी, की तिनं मला तिची युक्ती पहिल्याच महिन्यात सांगितली होती. काही झाकून ठेवायचा तिचा स्वभावच नव्हता. माझ्या नळीत बघून म्हणाली, “अगं, असं सरळ ओतू नको. नळी वाकडी कर, हळू फिरव. वरचं भूत हलकं असतंय, ते सरकतं. खाली बारीक गोळी बसलेली असती बघ, घट्ट. ती ओढून काढ. तीच खाती सगळ्याला.”

“खाते म्हणजे?”

“पांढऱ्या पेशी असत्यात तिच्यात, अन् लालही अडकून बसतंय. त्या फुटल्या की आपल्या पटलाचे तुकडे करत्यात. घरी तांदूळ रोळत नाय का? खडा खालीच राहतो, तसं.”

“आमच्याकडे निवडलेलेच तांदूळ येतात,” मी म्हणाले.

ती हसली, तिला ते विनोदाचं वाटलं. मी विनोद केला नव्हता. गोळी काढायचं पुस्तकातही होतं, मी ती ओळ पाठ म्हणून दाखवली असती. पण स्वयंपाकघरातलं काहीतरी मला कोणी प्रयोगशाळेत शिकवावं, आणि तेही तिनं, हे मला सोसेना. मी वरचं लाल पाणी झरझर ओढून टाकत राहिले आणि गोळी तिथंच राहिली. नाचता येईना अंगण वाकडं. मी आधी पाण्याला दोष दिला. ज्या शहरात आठवड्यानं नळाला पाणी येतं, तिथं ऊर्ध्वपातन करून करून किती शुद्ध होणार? मग सेंट्रीफ्यूजला दोष दिला, मग मध्येच जाणाऱ्या विजेला. शेवटी दोष द्यायला फक्त रक्त उरलं.

रक्ताचं असं होतं, की मॅडमचा एक नियम होता. शिकणाऱ्यानं स्वतःचं रक्त वापरायचं. “दुसऱ्याचं रक्त माणूस वाया घालवतं, स्वतःचं सांडलं की जपतं,” असं त्या म्हणायच्या. परवानगीच्या कागदांवर आधी तिनं सही केली म्हणून ती दाता क्रमांक एक, मी दाता क्रमांक दोन. नळीवर नाव लिहायचं नाही, फक्त आकडा. रक्त काढायचं काम तिच्याकडे, कारण शीर सापडायला तिला एकदाच टोचावं लागायचं. माझंही रक्त तीच काढायची. ‘मूठ आवळ’ म्हणायची, सुई कधी गेली ते कळायचंसुद्धा नाही. मला त्याचाही राग यायचा. निदान दुखायला तरी हवं होतं, म्हणजे तक्रार करता आली असती.

पावसाळा संपत आला तेव्हा मॅडमनी सांगितलं, की बेंगळुरूच्या एका मोठ्या संस्थेत सहा महिने शिकायला एकीला पाठवता येईल. एकीलाच. तिथं पटलावर औषधाचा कण बसवायचं यंत्र होतं, आमच्याकडे यायला अजून दहा वर्षं लागतील असं. “दोघींनी येत्या बुधवारी आपापल्या रक्तावर पहिल्यापासून सगळा प्रयोग करून दाखवायचा. भुतंही आणि मिठाची चाचणीही. जिचं काम स्वच्छ, ती जाईल.”

मी घरी जाऊन आईला सांगितलं, आणि सांगतानाच मला रडू फुटलं. आईला वाटलं आनंदानं. ती म्हणाली, “डोळे किती पिवळट दिसतायत तुझे. जागरणं कमी कर जरा.” उजव्या बरगडीखाली अधूनमधून दुखायचं त्यावर तिनं ओवा दिला. दुसऱ्याचं बरं बघून पोटात दुखायला ओव्यानं काय होणार, असं मी मनात म्हटलं. तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात होता, पण मनातल्या मनात.

बुधवारी सकाळी तिनं आमच्या दोघींचं रक्त काढलं. दोन नळ्या, दोन चिठ्ठ्या, एक आणि दोन. मग ती बर्फ आणायला खालच्या मजल्यावर गेली. मी स्टँडसमोर उभी होते. दोन्ही नळ्यांतलं रक्त अगदी सारखं दिसत होतं, आणि मला ते खोटं वाटत होतं. माझी खात्री झाली होती की हिच्या रक्तातच काहीतरी आहे. शेतातलं खाणं, विहिरीचं पाणी, काय असेल ते. नाहीतर माझ्या हातून पाच महिने काही होऊ नये आणि तिच्या हातून दुसऱ्याच आठवड्यात व्हावं, याला दुसरं कारण काय? मी चिठ्ठ्या काढल्या. चिकटपट्टी ओली होती, सहज निघाली. दोन एकवर, एक दोनवर. हे सगळं व्हायला शाळेतल्या वहीला नाव घालायला लागतो तेवढाच वेळ लागला. जिने चढताना तिच्या चपलांचा आवाज आला तेव्हा मी हात धूत होते.

दुपारी सेंट्रीफ्यूज थांबलं. त्या दिवशी मी आधी माझी नळी उचलली. गुलाबी. तिच्या रक्ताची भुतं माझ्या हातात तशीच गुलाबी झाली होती, तेवढीच ओशाळवाणी. आणि माझ्या रक्ताची तिच्या हातात पांढरी शुभ्र. मी ती नळी बघत राहिले. पाच महिने ज्या रंगासाठी मी जळत होते तो माझ्याच पेशींचा होता, फक्त माझ्यासाठी तो कधी निघाला नव्हता. मला त्या क्षणी चोरी केल्याचं वाईट वाटलं नाही. चोरी करूनही काही हाती लागलं नाही याचं वाटलं. हे आज लिहायला लाज वाटते, पण तेव्हा असंच होतं.

मग मिठाची चाचणी. बारा छोट्या नळ्या, पहिलीत शरीरात असतं तेवढं खारट पाणी, पुढे प्रत्येक नळीत मीठ थोडं थोडं कमी. प्रत्येकीत रक्ताचा थेंब टाकायचा. मीठ कमी होत गेलं की पेशी पाणी पिऊन फुगतात, आणि ज्या नळीत पटलाला ताण सोसत नाही त्या नळीत फुटतात, पाणी लाल होतं. माझ्या रांगेत पाणी जिथं लाल व्हायला हवं तिथंच झालं. तिच्या रांगेत तिसऱ्याच नळीपासून लाली होती.

मॅडम चष्मा वर करून वाकल्या. “हे कोणाचं?”

“माझं,” ती म्हणाली.

“परत केलंस?”

“दोनदा केलं मॅडम. तसंच येतंय.”

मॅडम स्टुलावर बसल्या. आवाज एकदम मऊ झाला. “लहानपणी कावीळ झाली होती तुला?”

“नाय.”

“घरात कोणाला पित्ताचे खडे? पित्ताशय काढलेलं?”

“नाय मॅडम. का बरं?”

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. पाचवीत मला कावीळ झाली होती, नववीत पुन्हा. मी कॉलेजात असताना वडिलांचं पित्ताशय काढलं होतं. मॅडम तिला समजावून सांगत होत्या, की काही माणसांच्या तांबड्या पेशींचं पटल आतून नीट धरलेलं नसतं, ते बशीसारखं चपटं राहायच्या ऐवजी गोळा होतं आणि लवकर फुटतं. बहुतेक वेळा ते आईकडून किंवा बापाकडून येतं. घाबरायचं नाही, पण तपासायला हवं. ती मान हलवत ऐकत होती. मॅडमचा प्रत्येक शब्द माझ्याबद्दल होता आणि तो तिच्यावर पडत होता. तोंड उघडायला मला एवढंसं पुढं व्हायचं होतं. मी पुढं झाले ती माझ्या नळ्या धुवायला.

दोन दिवसांनी ती आईवडिलांना घेऊन आली, त्यांचं रक्त तपासायला. दोघं एस.टी.नं आले होते. वडील पांढऱ्या टोपीतले, उंच; आई ठेंगणी, हातात पिशवी. प्रयोगशाळेतल्या स्टुलांवर बसायला दोघं लाजत होते. तिनं दोघांचं रक्त काढलं. वडिलांनी मान दुसरीकडे फिरवली आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

“ताई, पोरीचं रक्त लई पातळ झालंय म्हणं?”

“तसं नाही काका,” मी म्हणाले. “काही नसेल.”

“आमच्या घरात कुणालाच नाय काही. आमची आई नव्वदीत हाय, अजून काठी घेत नाय.” मग बायकोकडे बघून, “तुझ्या माहेरी हाय का कुणाला?”

“माझ्या माहेरचं कशाला काढताय हितं?” आई म्हणाली, पण आवाजात भांडण नव्हतं, भीती होती. मग तिनं पिशवीतून डबा काढला. धपाटे होते, वर दही आणि ठेचा. “खा बाई. तू लई हुशार हाईस म्हणती ही. सारखं तुझंच सांगती घरी.”

मी दोन धपाटे खाल्ले. नाही म्हणायला कारण नव्हतं. दुसरा संपताच त्या बाईनं तिसरा वाढला. ती माझ्याबद्दल घरी चांगलं सांगत होती, आणि मी घरी तिचं नावसुद्धा घेत नव्हते. बोलताना मी तिला ‘ती फुलंब्रीची’ म्हणायचे.

आईवडिलांचं रक्त चांगलं निघालं. दोघांचंही. मॅडम म्हणाल्या, कधी कधी नव्यानंही येतं, आईबापात नसलं तरी. मग तिनं स्वतःच्या डाव्या हाताला रबरी नळी दातानं बांधली, उजव्या हातानं स्वतःचं रक्त काढलं, आणि बारा नळ्या पुन्हा मांडल्या. मी समोरच्या टेबलावर वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखी बसले होते. पाणी सहाव्या नळीपर्यंत स्वच्छ राहिलं. तिनं ती रांग बराच वेळ बघितली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. डॉक्टर बघतात तसं.

मॅडम आल्यावर ती म्हणाली, “मॅडम, माझं रक्त चांगलं हाय. बुधवारी चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार.”

मॅडम चिडल्या की आवाज चढत नसे, उतरत असे. “रक्त कोण काढतं?”

“मी.”

“चिठ्ठी कोण लावतं?”

“मी.”

“तुझ्या आईवडिलांना मी इथं बोलावलं. दोन दिवस ती माणसं जेवली नसतील. दवाखान्यात अशी चूक झाली तर माणूस मरतं, ठाऊक आहे ना तुला? तुला तर जास्त ठाऊक पाहिजे.”

एकदाच तिनं माझ्याकडे बघितलं. वाट बघितल्यासारखं. मी नळ्या कोमट ठेवायच्या पाण्याच्या टाकीतला थर्मामीटर वाचत होते. सदतीस अंश. तो नेहमीच सदतीस असतो.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “बेंगळुरूला तू जा. तुझी पटलं अजून गुलाबी आहेत, पण तिथं शिकशील. हात शिकवता येतो. लेबलाची शिस्त शिकवता येत नाही.”

“हो मॅडम,” मी म्हणाले.

मिळालं. इतके महिने ज्याच्यासाठी जळले ते पदरात पडलं, आणि मला खरंच बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत बरं वाटत होतं. तिथं ती उभी होती, ओढणीनं हात पुसत.

“लई हलकं काम केलंस तू,” ती म्हणाली.

मी तिच्या वरच्या पायरीवर थांबले.

“मी कुणाला सांगणार नाय. तुझं तू सांगायचं, नायतर नको सांगू. पण ते रक्त तुझं हाय. तुझे डोळे मी दोन महिने बघती, मला वाटायचं अभ्यासानं. बरगडीखाली दुखतं का?”

मी मान हलवली.

“मग दवाखान्यात जा आधी. बेंगळुरू गेलं उडत.” आणि ती खाली उतरली. तिला चारची बस पकडायची होती.

मी सोमवारी गेले. डॉक्टर तरुण होते, टेबलावर झोपवून त्यांनी डाव्या बाजूला बोटं खुपसली आणि म्हणाले, प्लीहा सुजलीय, हाताला लागतेय. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, एक नाही, बरेच. वडिलांचं ऑपरेशन झालं होतं हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग इतकी वर्षं कोणी रक्त का तपासलं नाही? मी रोज रक्तच तपासत होते. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. माझ्या बाबतीत जग बरोबर होतं आणि मी आरशात बघत नव्हते. रिक्षात बसून परत येताना मला तिच्या वडिलांची मान फिरवलेली आठवली, आणि ‘माझ्या माहेरचं कशाला काढताय’ हा आवाज. जे माझ्या बापाकडून मला आलं ते मी त्या दोघांच्या गळ्यात घातलं होतं. मी रिक्षा घराकडे न नेता विद्यापीठाकडे वळवायला सांगितली.

मॅडमना सांगायला पाच मिनिटं लागली. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मी रडले नाही, कारण रडले असते तर त्यांना दया आली असती, आणि ती मला नको होती. सांगून झाल्यावर त्यांनी कपाटातून प्रयोगाची वही काढली, बुधवारचं पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवली.

“खोडायचं नाही. एकच रेघ मारायची. खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं काय ते लिही, तारीख घाल, सही कर.”

हा प्रयोगशाळेचा नेहमीचाच नियम. चूक झाकायची नाही, तिच्यावर एक रेघ मारून तिला तिथंच ठेवायचं. मी ‘एक’ वर रेघ मारली, ‘दोन’ लिहिलं. ‘दोन’ वर रेघ मारली, ‘एक’ लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना. मी मॅडमकडे बघितलं. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. शेवटी लिहिलं: ‘चिठ्ठ्या मी मुद्दाम बदलल्या.’ खाली सही केली. माझी सही एरवी झोकदार असते, त्या पानावर ती शाळकरी पोरीसारखी आली आहे.

ती बेंगळुरूला गेली. त्याच महिन्यात माझं पित्ताशय काढलं. डॉक्टरांनी खडे छोट्या बाटलीत घालून दिले, आईनं ती बाटली देवघराच्या खालच्या कप्प्यात का ठेवली ते मला कळलं नाही. मॅडमनी मला काढून टाकलं नाही. पण पुढची दोन वर्षं माझ्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या त्या स्वतः तपासत, सगळ्यांसमोर, आणि मी सगळ्यांसमोर उभी राहायचे. गोळी काढायला मी शिकले. घरी बाजारातून न निवडलेले तांदूळ आणून, पातेल्यात पाणी घालून, रोळून बघितले. दहाव्या दिवशी खडा तळाशी राहिला. माझी भुतं पांढरी झाली, तिच्याइतकी नाही.

आता ती आमच्याच विभागात शिकवते. मी चिकलठाण्याला एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर बोट ठेवते. पटल आतून कशानं धरलेलं असतं आणि कधी सुटतं, हा आता तिचा विषय आहे, कारण औषध पांघरायचं तर आधी पांघरूण टिकलं पाहिजे. त्यासाठी तिला फाटकं पांघरूण अभ्यासायला लागतं. ते माझ्याकडे आहे. तीन-चार महिन्यांतून एकदा तिचा फोन येतो. “दाता क्रमांक दोन, येती का?” तिच्या प्रबंधात माझ्यावर आख्खं प्रकरण आहे. माझं नाव कुठंच नाही, फक्त आकडा आहे, आणि ते प्रकरण मी दोनदा वाचलं. इतकं चांगलं लिहिलंय की दुसऱ्यांदा वाचताना मी ते मध्येच मिटलं.

मी सुधारले असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. परवा गेले होते. तिच्याकडे नवं सेंट्रीफ्यूज आलंय, बिनआवाजाचं. दोन विद्यार्थिनी तिच्या मागंपुढं करत होत्या, ‘मॅडम, मॅडम’ म्हणत. मॅडम म्हणजे ती. मी खुर्चीवर बसून बाही वर केली आणि माझ्या पोटात तेच जुनं दुखलं, पित्ताशय नसतानाही. तिच्या केसांत पांढरी बट आली आहे, तीसुद्धा तिला शोभते. ‘मूठ आवळ,’ ती म्हणाली. शीर पहिल्याच खेपेला सापडली. तिच्या आईनं धपाटे पाठवले होते, ते तिनं माझ्या पिशवीत घातले. मी काय केलं ते तिच्या आईवडिलांना कधी कळलं नाही. तिनं सांगितलंच नाही.

मग तिनं नळी माझ्यापुढे ठेवली, चिठ्ठी ठेवली, पेन ठेवलं. हे ती पहिल्यापासून करते. बाकी सगळ्या दात्यांच्या चिठ्ठ्या तिच्या विद्यार्थिनी लिहितात, फक्त माझी मी लिहायची.

“लिही,” ती म्हणाली.

मी ‘दोन’ लिहिलं, चिठ्ठी नीट चिकटवली, अंगठ्यानं दाबली. ती हसत होती, तिच्या वडिलांच्या गुडघ्याचं काहीतरी सांगत होती. सांगता सांगता तिनं नळी उचलली, उजेडाकडे धरली, आकडा वाचला, आणि मगच बर्फात ठेवली. इतकी वर्षं झाली. दरवेळी वाचते.